बेचाळिसाव्या दिवसानंतर

शुक्रवार, २९ सप्टेंबर २०२३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघाल्या होत्या आणि सकाळचे साडेनऊ वाजले तरी इंदूरचा हा भाग अर्धवट झोपेतच होता. परदेशीपुऱ्याजवळच्या एका अंगणवाडीचं कुलूप ताई उघडत होत्या, तेवढ्यात गल्लीतल्या एक आजी सहा आठवड्यांच्या नातवाला दुपट्यात गुंडाळून ओटल्यावर येऊन बसल्या. "दृष्ट लागलीय बहुतेक. रात्रीपासून दूध ओढत नाही. दोनदा ओकला. मीठ-मोहरी ओवाळून टाकली, तरी नुसता पडून आहे." ताईंनी दुपटं सोडलं. बाळ रडत नव्हतं. ज्याच्या रडण्यानं महिनाभर गल्ली जागी होत होती, ते बाळ गप्प आहे, याचीच ताईंना भीती वाटली. त्यांनी मला फोन केला.

मी तेव्हा महिला व बालविकास विभागात त्या सेक्टरची पर्यवेक्षिका होते. ही हकीकत मी प्रकरण म्हणून लिहिते आहे, कारण अशी घरं दर गल्लीत आहेत आणि आपण तिथे बहुतेक वेळा उशिरा पोचतो. घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं दिलेली नाहीत. दिवस आणि आठवडे मात्र तसेच ठेवले आहेत. या प्रकरणात सगळं आठवड्यांवरच आहे.

घर

दोन खोल्या, पुढे ओटला. आजोबा हुकूमचंद मिलमध्ये विणाई खात्यात होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली, देणी अडकली, आणि चाळिशीतला माणूस घरी बसला. नंतर कुठे रात्रपाळीचा चौकीदार, कुठे हमाली. दारू वाढली. आजींनी सांगितलं ते साधंच होतं: "पगार होता तोवर ओरडायचे. पगार गेला आणि हात उचलायला लागले." मुलगा तेव्हा चार-पाच वर्षांचा. भांडी वाजली की तो दाराआड जाऊन कान झाकून उभा राहायचा. आजोबा गेले, मुलगा मोठा झाला, सियागंजातून किराणा माल पोचवणारी लोडिंग रिक्षा चालवू लागला. लग्न झालं ते बऱ्हाणपूरच्या मराठी घरातल्या मुलीशी. तिची आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी गेली नाही. हा तपशील आमच्या कोणाच्याच नोंदीत नव्हता. माहेरी गेलेल्या मुलीच्या आजूबाजूला बाळ घेणारे चार हात असतात, रात्री कूस बदलायला मिळते. इथे सासूबाई एकट्या, त्याही गुडघ्यांनी थकलेल्या.

बाळ १७ ऑगस्टला झालं. अधिक श्रावण नुकताच संपला होता. वजन २ किलो ७०० ग्रॅम, रुग्णालयातलं बाळंतपण, सगळं ठीक.

त्या रात्री

गिरण्या बंद पडून कित्येक वर्षं झाली, तरी गिरण्यांच्या नावानं झांक्या निघतात आणि शहर रात्रभर रस्त्यावर असतं. कामगारांच्या मुलांना तो आपला सण वाटतो, मलाही वाटतो. बाळाचा बाप रात्री दोनच्या पुढे घरी आला, पिऊन. बाहेर ढोल, लाऊडस्पीकर, आत बाळ दीड तासापासून रडत होतं. त्याची आई त्याला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारत होती. त्यानं आधी तिला दटावलं, मग बाळ तिच्या हातातून ओढून घेतलं, दोन्ही काखांत धरलं आणि "चुप, चुप" म्हणत गदागदा हलवलं. आजी उठून मध्ये पडल्या, बाळ काढून घेतलं. त्यानं बायकोच्या तोंडात दोन लगावल्या आणि ओटल्यावर जाऊन झोपला.

बाळानं अजून मान धरलेली नसते. डोकं शरीराच्या मानानं जड. अशा वेळी जोरानं हलवलं की मेंदू कवटीत आपटतो, मेंदूभोवतीच्या बारीक शिरा तुटतात, डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरू शकतं. वरून एक ओरखडा दिसत नाही. ओकाऱ्या, सुस्ती, दूध न ओढणं, फुगलेली टाळू, झटके एवढंच दिसतं, आणि ते पोटदुखीवर किंवा दृष्टीवर सहज ढकललं जातं. आजींनी तेच केलं होतं. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांनी बाळ ओढून घेतलं नसतं, तर मी आज काय लिहीत असते कोण जाणे.

ताई आणि मी बाळाला आई आणि आजींसह मुलांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. रिक्षात आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाळण्यातून घसरला." मी काही बोलले नाही. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी आजींना बाहेर औषधाच्या चिठ्ठीसाठी पाठवलं, दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरात कोणाची भीती वाटते का?" एवढाच प्रश्न. ती पाच मिनिटं रडली, मग सगळं सांगितलं. सातव्या महिन्यात मनगट मुरगळलं म्हणून ती दुसऱ्या एका दवाखान्यात गेली होती, तिथे "बाथरूममध्ये पडले" लिहून घेतलं आणि पट्टी बांधून पाठवलं. तेव्हाही नवऱ्यानंच हात पिरगाळला होता. सोबत नवरा उभा होता. कोणी दार लोटलं नाही.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. डोळे तपासले, तेही ठीक. दोन दिवस देखरेखीखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी बाळ पुन्हा जोरात रडायला लागलं आणि वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. रुग्णालयानं वैद्यकीय-कायदेशीर नोंद केली, पोलीस आले, बालकल्याण समितीपुढे विषय गेला. बाळ आईजवळच राहिलं, बापानं काही काळ इंदूरजवळच्या राऊला बहिणीकडे राहायचं आणि घरी आमच्या नियमित भेटी होत राहायच्या, असं ठरलं. आईला हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये नेऊन तिथल्या ताईंशी एकटीला बोलू दिलं. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानं तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला कोणी बाहेर काढू शकत नाही, हे तिला पहिल्यांदा कळलं. नवऱ्यावर तक्रार करायची की नाही, हे तिनं तिच्या वेळेनं ठरवायचं होतं. तिनं त्या वेळी केली नाही.

इथे मला स्वतःची एक जुनी चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशाच एका घरात मी नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समजूत घातली होती. दोघांनी माना डोलावल्या. त्या रात्री तिला आणखी मार बसला, "बाहेरच्यांना सांगतेस" म्हणून. तेव्हापासून मी दोघांना एकत्र बसवून मारहाणीबद्दल कधी विचारलं नाही. असं एकत्र बसवणं ज्यांना अजून योग्य वाटतं त्यांनी कृपा करून थांबावं.

आमच्या नोंदवहीत काय होतं

दवाखान्यातून परतल्यावर ताई, उषा कार्यकर्ती आणि मी अंगणवाडीत बसून या बाळाची सगळी पानं उघडली. (खेड्यात जी आशा, ती मध्य प्रदेशातल्या शहरी वस्त्यांत उषा.) रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर नवजात बाळाच्या घरी सहा भेटी द्यायच्या असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. उषानं एकही भेट चुकवली नव्हती. शेवटची तिनं चतुर्दशीच्या सुट्टीमुळे एक दिवस आधी, २७ सप्टेंबरला उरकली होती. वजन, ताप, नाळ, अंगावरचं दूध, सगळ्यांपुढे बरोबरची खूण. पानाच्या शेवटी तिनं लिहिलं होतं: भेटी पूर्ण.

पुढची भेट कधी? बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर. लहान बालकांच्या घरभेटी तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतात, मग सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिने. म्हणजे बेचाळिसाव्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत त्या दारात आमच्यापैकी कोणी जाणार नव्हतं.

मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला त्या दिवशी जे सांगितलं, त्यानं माझी झोप उडाली. निरोगी बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. बोस्टनमधले बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या आयांकडून रोजच्या नोंदी घेतल्या होत्या. सहाव्या आठवड्यात रडणं दिवसाला पावणेतीन तासांच्या घरात होतं, बाराव्या आठवड्यात तासाच्या आत आलं. संध्याकाळी आणि रात्री जास्त. काही वेळा काहीही केलं तरी थांबत नाही, आणि त्यात कोणाची चूक नसते. आमचा शेवटचा दिवस बेचाळिसावा. सहा साती बेचाळीस. ज्या आठवड्यात घर सगळ्यात थकलेलं असतं, त्याच आठवड्यात आम्ही "भेटी पूर्ण" लिहून दार ओढून घेत होतो.

मग लक्षात आलं की हा मधला काळ तसा रिकामा नाही. लसी आहेत. सहा, दहा आणि चौदा आठवडे. आई बाळाला घेऊन स्वतः आमच्याकडे येते, तीनदा. आम्ही टोचतो, ताप येईल म्हणून सांगतो, कार्डावर तारीख टाकतो आणि पुढच्या नंबराला बोलावतो. लसीच्या तापानं त्या रात्री बाळ आणखी रडणार हेही आम्हाला माहीत असतं. पण घरात ते रडणं कोण सोसणार, कसं सोसणार, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

याला सार्वजनिक आरोग्याची नजर म्हणतात. डेंग्यू आला की आपण रुग्णाला सलाईन लावतो, पण त्याच वेळी माणसं घरोघर कूलरमधलं पाणी बघत फिरतात. डास कुठे आणि कधी होतात हे ठाऊक असल्यानं ते शक्य होतं. हिंसेचंही असंच बघता येतं, हे जागतिक आरोग्य सभेनं १९९६ मध्ये ठराव करून म्हटलं, आणि २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यावर सविस्तर अहवाल काढला. किती, कुठे, कोणत्या घरांत, कोणत्या वेळी होते हे मोजायचं, कशानं वाढते ते शोधायचं, उपाय करून बघायचा, चालला तर पसरवायचा. पोलीस आणि न्यायालय यांची जागा यानं जात नाही. ते मारहाण झाल्यावर येतात, आणि आपल्याला तिच्या आधीच्या आठवड्यात पोचायचं असतं.

आकडे काय सांगतात ते या घरापुरतं बघू. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी दर दहांतल्या सुमारे तिघींनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. ज्यांचे नवरे वारंवार पिऊन येतात त्यांच्यात हे प्रमाण ७० टक्के, जे पीतच नाहीत त्यांच्यात २३ टक्के. हिंसा सोसलेल्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. उरलेल्या ८६ जणी लस द्यायला, वजन करायला, पोषण आहाराचं पाकीट न्यायला आमच्याकडेच येत असतात. त्यांनी मागावं याची वाट बघणं मला आता क्रूरपणाचं वाटतं.

ऑक्टोबरचं पान

बाळ घरी आलं ती १ ऑक्टोबरची दुपार. भिंतीवरच्या कालनिर्णयाचं नवं पान उलटलं होतं. उषानं त्याच पानावर आजींना एक काम दिलं: बाळ न थांबता रडलं, समजावूनही राहिलं नाही, की त्या तारखेच्या चौकोनात एक रेघ मारायची. आजींना लिहिता येत नव्हतं, रेघा येत होत्या. त्यांना आणि सुनेला शेजारी बसवून उषानं कागदावर एक डोंगर काढला. "आपण आता इथे आहोत, टोकाला. इथून उतार आहे. दिवाळीपर्यंत बघा." आजी म्हणाल्या, "माझ्या वेळी कोणी हे सांगितलं असतं तर... मला वाटायचं माझं दूधच वाईट आहे."

घरात काही नियम ठरले. थोडेच, पण सगळ्यांच्या तोंडपाठ. बाळ रडलं तर भूक, ओलं, ताप, कपड्याची घडी टोचते का हे बघायचं. मग खांद्यावर घ्यायचं, अंगाशी धरून फिरवायचं. तरी राहत नसेल आणि आपलं डोकं तापायला लागलं, तर बाळाला पाठीवर, सपाट गादीवर ठेवायचं आणि ओटल्यावर जाऊन दहा मिनिटं बसायचं. रडून बाळाला काही होत नाही, हलवून होतं. आईला हे सगळ्यात अवघड गेलं. बाळ खाली ठेवणारी आई म्हणजे निर्दय, हे तिच्या मनात पक्कं होतं. आजीच म्हणाल्या, "ठेव गं. मी आहे." सासू-सुनेत त्या दिवशी जे झालं ते आमच्या कोणत्याही प्रशिक्षणात नव्हतं.

घुटी आजींनी बंद करायला वेळ घेतला. पोटावर हिंगाचा लेप लावायला आम्ही हरकत घेतली नाही, पण पहिले सहा महिने तोंडात आईच्या दुधाशिवाय काही नको हे डॉक्टरांकडून वदवून घ्यावं लागलं.

आईसाठी वेगळी योजना होती, आणि ती कालनिर्णयावर नव्हती. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिनं फोनमध्ये "भाजीवाली" म्हणून ठेवला. आधार कार्ड, बाळाचं लसीकरण कार्ड, थोडे पैसे शेजारच्या मावशींकडे. मावशींच्या खिडकीत वाटी वाजली की त्यांनी यायचं. दर मंगळवारी ती अंगणवाडीत यायची, ताई म्हणायच्या, "बाळाच्या आईचं वजन करायचंय, आत या," आणि आतल्या खोलीत फक्त त्या दोघी. आजी बाहेर नातवाला घेऊन. इतक्या वर्षांत गर्भवतीची गोदभराई, अन्नप्राशन सगळं आम्ही मंगळवारी भरल्या खोलीत केलं. एकटीला आत बोलावण्यासाठी एक वजनकाटा पुरतो, हे या प्रकरणानं शिकवलं.

पहिली लस १० ऑक्टोबरला दिली, उशिरा. त्या रात्री आजींनी पाच रेघा मारल्या. दसऱ्याच्या सुमारास दिवसाला तीन, मग दोन. ७ नोव्हेंबरला दुसरी लस. १२ नोव्हेंबरला दिवाळी, आणि त्या चौकोनात एकही रेघ नाही. आजींनी ते पान मला बोट ठेवून दाखवलं.

घरच्यांना असं आधीच सांगून ठेवणं जगात करून बघितलेलं आहे, आणि निकाल सरळ नाहीत. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या पश्चिम भागात बाळंतपणानंतर घरी सोडतानाच आईबापांना बाळ हलवण्याचा धोका समजावला, तेव्हा अशा दुखापती जवळपास निम्म्या झाल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तोच प्रयोग पुढे पेन्सिल्व्हेनियात राज्यभर केला तर २०१७ च्या अहवालात दुखापती कमी झाल्याच नाहीत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मात्र रुग्णालयात एकदा, मग घरी आलेल्या परिचारिकेनं पुन्हा, आणि शिवाय सगळ्या समाजात, अशा तीन वेळा सांगितलं गेलं. तिथे दोन वर्षांखालच्या बाळांत अशा दुखापतींनी दाखल होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी उतरलं. बाळंतिणीला सुट्टी मिळण्याच्या गडबडीत एकदा सांगून ते बापाच्या रात्री दोनच्या हातांपर्यंत पोचत नाही, असा अर्थ मी यातून घेते.

नोव्हेंबरात आमचीच फजिती झाली. तिसऱ्या महिन्याची भेट १७ नोव्हेंबरला यायची होती आणि त्याच दिवशी मध्य प्रदेशात विधानसभेचं मतदान. ताई महिनाभर मतदार याद्यांत गुंतलेल्या, उषाचीही ड्यूटी. भेट बारा दिवस उशिरा झाली. त्या बारा दिवसांत काही झालं नाही हे दैव. ज्यांच्या हातात ही आठवड्यांची गणितं आहेत त्यांनाच दर निवडणुकीला, दर सर्वेक्षणाला उचलून नेतात, याबद्दल मला मनापासून राग आहे.

बाप

त्याच्याशी मी एकटी बोलले नाही. व्यसनमुक्ती विभागातले एक समुपदेशक सोबत आले. पहिली भेट राऊला बहिणीच्या अंगणात झाली. तो बराच वेळ जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, मला त्याला मारायचं नव्हतं. तो आवाज बंद करायचा होता फक्त."

मला त्याचं खरं वाटलं. पण समुपदेशकांनी पुढे जे विचारलं तेही तितकंच खरं होतं. "सियागंजात शेठ आईवरून शिव्या देतो तेव्हा हात उचलतोस?" नाही. "का नाही?" तो गप्प. हात कुठे उचलायचा आणि कुठे नाही हे पिऊनही त्याला कळत होतं. दारूनं आणि थकव्यानं हिंसा वाढते, पण ती ज्याच्यावर चालते त्याच्यावरच उतरते. हे त्याला ऐकायला लागलं, आणि मला वाटतं तेच त्याला लागलं.

वडिलांबद्दल तो दुसऱ्या भेटीत बोलला. दाराआड, कान झाकून. १९९८ मध्ये अमेरिकेत फेलिट्टी आणि आंडा या डॉक्टरांनी बालपणीच्या अशा अनुभवांचा हिशेब मांडला. लहानपणी मार, घरात आईला होणारी मारहाण, व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितकी मोठेपणी दारू, नैराश्य, हृदयविकार यांची शक्यता जास्त. हे ऐकून काही जण म्हणतात, मग त्याचं नशीबच तसं. तसं नाही. बापाचा मार बघितलेली बहुतेक मुलं मोठेपणी मारत नाहीत. त्याचीच बहीण त्याच दाराआड वाढली, तिच्या घरात आवाज चढत नाही.

बाणगंगेला जायला तो तयार नव्हता. इंदुरात बाणगंगा म्हटलं की लोक वेड्यांचा दवाखाना समजतात. शेवटी दुसऱ्या एका सरकारी रुग्णालयातल्या व्यसनमुक्तीच्या ओपीडीत गेला, दर शनिवारी, आणि रात्री तलफ आली की १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा. दिवाळीनंतर तो घरी आला. बाळाच्या आईनं सांगितलं होतं, "आधी पंधरा दिवस ओटल्यावर झोपा." तो झोपला.

डिसेंबरपासून उषाच्या भेटींत खेळ आला. प्लास्टिकच्या बाटलीत राजमा घालून खुळखुळा, जुन्या साडीची बाहुली, वाटी-चमचा. तो घरी असेल अशी वेळ उषानं मुद्दाम निवडली. पहिल्यांदा खुळखुळा डावीकडून उजवीकडे नेला आणि बाळाचे डोळे त्यामागे गेले, तेव्हा तो म्हणाला, "हा बघतोय?" त्याला वाटत होतं तीन-चार महिन्यांचं बाळ म्हणजे दूध आणि रडणं.

अंगणवाडी या शब्दामागे ताराबाई मोडक आहेत. अंगणात, मुलांच्या दारात शाळा न्यायची, ही त्यांची कल्पना. १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली तेव्हा शब्द आला, अंगणातला खेळ मात्र पाकिटांखाली दबला. जमैकात किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांची १२९ खुरटलेली मुलं घेतली. काहींना पोषक आहार दिला. काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला तासभर आरोग्य सेविका जाऊन आईला घरच्या खेळण्यांनी बाळाशी खेळायला शिकवायची. ती मुलं २२ वर्षांची झाली तेव्हा ज्यांच्या घरी खेळ गेला होता त्यांच्यात मारामाऱ्या आणि गंभीर हिंसा कमी होती. नुसत्या आहारानं तो फरक पडला नव्हता. मी नोकरीत किती टन सुका आहार वाटला याचा हिशेब माझ्याकडे आहे. किती बाळांशी त्यांच्या घरात बसून खेळलो याचा नाही. आता २०२४ पासून केंद्राच्या नवचेतना या आराखड्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी महिन्यागणिक खेळ आणि कृती दिल्या आहेत. आनंद आहे. पुस्तिका कपाटात राहू नये एवढीच काळजी.

फेब्रुवारी

इथवर वाचून कोणाला वाटेल की सगळं निभावलं. नाही.

२५ डिसेंबर २०२३ ला हुकूमचंद मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या २२४ कोटी रुपयांच्या थकीत देण्यांचा प्रश्न सुटला. गल्लीत पेढे वाटले गेले. या घरात आजींच्या नवऱ्याच्या वाट्याचे पैसे येणार होते, आणि त्यावरूनच फेब्रुवारीत वाद पेटला. त्याला नवी रिक्षा हवी होती, आजींना काही रक्कम सुनेच्या आणि नातवाच्या नावे ठेवायची होती. तो पिऊन आला आणि बायकोला भिंतीवर ढकललं. बाळाला हात लावला नाही. तिनं "भाजीवाली"ला फोन लावला. मावशी वाटीची वाट न बघताच आल्या. ती बाळाला घेऊन अकरा दिवस बाहेर राहिली, आणि या वेळी तिनं घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांपुढे अर्ज केला.

आमच्यातल्या काहींना हे अपयश वाटलं. मला तसं वाटत नाही, पण जे दिसलं ते लपवायचंही नाही. अमेरिकेत एल्मायरा या गावी १९७० च्या दशकाअखेरीस ४०० गर्भवतींवर परिचारिकांच्या घरभेटींचा प्रयोग सुरू झाला. पंधरा वर्षांनी त्या घरांतल्या मुलांच्या छळाच्या नोंदी इतरांपेक्षा जवळपास निम्म्या होत्या. मात्र २००० साली त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली: जिथे आईला वारंवार मारहाण होत होती, तिथे घरभेटींचा हा फायदा मिळालाच नाही. बाळाला वाचवायचं आणि आईचं नंतर बघू, असं करता येत नाही. आम्ही ऑक्टोबरात मंगळवारची आतली खोली सुरू केली नसती, तर फेब्रुवारीत फोन लावायला तिच्याकडे नंबर नसता.

तो पुन्हा शनिवारी जाऊ लागला. दोनदा घसरला, दोन्ही वेळा स्वतःहून बहिणीकडे जाऊन झोपला. ती परत आली ती तिच्या अटींवर: पैसे बँकेत तिच्या आणि आजींच्या नावे, अर्ज मागे घेणार नाही. मुलगा दीड वर्षाचा झाला तेव्हा चाळीसेक शब्द बोलायचा, त्यात "गाडी" सगळ्यात जास्त वेळा. ती सकाळी दोन घरी पोळ्या करायला जाऊ लागली. घरात आवाज चढतो अजून. चढला की आजी नातवाला उचलून ओटल्यावर येतात.

रकाना

प्रकरण माझ्यापुरतं एका रेघेपाशी येऊन थांबलं. लसीकरणाच्या आमच्या नोंदवहीत बाळाचं नाव, वजन, लस, पुढची तारीख असे रकाने आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात मी माझ्या सेक्टरमधल्या ताईंना सांगितलं की सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या ओळीत पट्टीनं आणखी एक रकाना आखा. डोक्यावर लिहा "रडणं". त्यात विचारायच्या तीन गोष्टी: रात्री बाळाला कोण घेतं, तुला सलग किती झोप मिळते, आणि राहवेनासं झालं की घरात काय होतं. तिसरा प्रश्न दार लोटून. उत्तर काळजीचं वाटलं तर फक्त एक बारीक टिंब, म्हणजे वही कोणी उघडली तरी बाईवर संकट नको. टिंब दिसलं की त्याच आठवड्यात घरी भेट, बाप घरी असेल त्या वेळी, कागदावरचा डोंगर घेऊन.

काही ताईंनी लगेच आखला. काही म्हणाल्या, "मॅडम, आधीच इतकं भरायचं असतं." त्यांचं खरं होतं. दोघींनी तिसरा प्रश्न विचारायला नकार दिला, कारण तो स्वतःला विचारल्यासारखं होतं. त्यांच्याशी मी वेगळं बोलले.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. छापील वहीत तो रकाना अजून आलेला नाही. परवा त्या अंगणवाडीवरून जाताना आत डोकावले, मंगळवार होता. ताई नवी वही पुढ्यात घेऊन पट्टीनं रेघ ओढत होत्या, आणि बाहेर ओटल्यावर त्याच आजी शेजारच्या घरातल्या एका पाच आठवड्यांच्या बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या. बाळाची आई आत होती. दार लोटलेलं होतं.